कापसावरचं शुल्क आणि दिल्लीचं तिकीट

२०२५च्या ऑगस्टमध्ये चोपडा-धरणगावकडची कपाशी पाते-फुलांवर असताना केंद्र सरकारने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग त्याच महिन्यात मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे दसरा-दिवाळीला पहिल्या वेच्याचा कापूस बाजारात येतो, तो सगळा काळ या माफीत आला. अमेरिकेने वाढवलेल्या शुल्कामुळे कापड उद्योग अडचणीत होता, हेही खरंच.

तेव्हा पारावर दोन मतं ऐकली. एक काका म्हणाले, "सरकार जेवढं मोठं, तेवढी कंपन्यांची चलती. सरकारनं यात पडूच नये." दुसरे म्हणाले, "उलट आहे भाऊ. सरकार दुबळं पडलं म्हणून कंपन्या माजल्या." मला दोघांचंही अर्धंच पटलं. उरलेलं अर्धं एका साध्या गणितात आहे, आणि ते गणित माझ्या फार आवडीचं आहे.

समजा, अशा एखाद्या निर्णयामुळे कापसाचा भाव क्विंटलमागे २०० रुपयांनी उतरला. वीस क्विंटल पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे ४,००० रुपये गेले. दुःख आहेच, पण त्यासाठी जळगावहून दिल्ली गाठून, चार दिवस राहून, अधिकाऱ्यांना भेटायचं म्हटलं तर खर्च त्याहून जास्त. आता एक लाख क्विंटल कापसाइतकी रुई लागणारी सूतगिरणी घ्या. तिचे दोन कोटी वाचतात. दिल्लीत कायमचा माणूस ठेवणं तिला सहज परवडतं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. समजा, एक शेतकरी पदरमोड करून गेलाच आणि जिंकून आला. भाव सगळ्यांचाच वाढला. घरी बसलेल्यालाही क्विंटलमागे तेवढेच मिळाले. मग प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईल. पाच लाख शेतकऱ्यांत एक आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच गिरण्यांत एक आली नाही तर लगेच फोन जातो. फायदाही असाच वाटला जातो: गिरणीच्या धडपडीचं फळ पाचात विभागतं, शेतकऱ्याच्या धडपडीचं पाच लाखांत. म्हणजे हित जितक्या जास्त लोकांचं, तितकं ते एकत्र येऊन मागणं कठीण. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅनकर ओल्सन यांनी १९६५ सालच्या पुस्तकात हे नीट मांडलं. 'बहुसंख्य असणं म्हणजे ताकद' या आपल्या समजुतीला त्यांनी दिलेला हा धक्का मला आजही थक्क करतो.

यात कारस्थान लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. 'चार कंपन्या मिळून सगळं जग चालवतात' असे मेसेज फिरतात, त्यांत लपलेला खलनायक असतो. इथं प्रत्येक जण आपापला हिशोब सरळ करतो आणि तरी पारडं एका बाजूला झुकतं. आणि अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडलेल्या घटातल्या धान्यावरून कापसाच्या भावाचा अंदाज बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्याऐवजी सीमाशुल्काच्या अधिसूचना वाचा. भाव तिथं हलतो.

आता सरकारच्या आकाराकडे. पहिल्या काकांच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. १९५१च्या कायद्याने कारखाना काढायला, वाढवायला परवाना लागू लागला. आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती एकवटू नये हाही त्यामागचा हेतू होता. पण १९६९ साली सरकारने नेमलेल्या दत्त समितीने तपासलं, तेव्हा या पद्धतीचा जास्त लाभ बड्या उद्योगघराण्यांनीच उचलल्याचं दिसलं. अर्थशास्त्रज्ञ अॅन क्रूगर यांनी १९७४च्या निबंधात अंदाज केला की १९६४ साली भारतात परवाने आणि नियंत्रणांतून निर्माण होणारी आयती मलई राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होती. ही मलई मिळवण्याच्या धडपडीला अर्थशास्त्रात 'रेंट-सीकिंग' म्हणतात. त्या धडपडीत खर्च झालेला पैसा आणि बुद्धी नवं काहीच निर्माण करत नाही. पिकाला न जाता चारीतच मुरून गेलेलं पाणी जसं.

१९९१च्या जुलैत १८ उद्योग वगळता परवाने रद्द झाले. मग कंपन्यांचा प्रभाव संपला का? खाणी सरकारच्याच होत्या, आणि कुणाला कोणती द्यायची हे समिती ठरवत होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं. त्यानंतर लिलाव आले. सरकारचा आकार तेवढाच राहिला, पण 'कुणाला' हा प्रश्न समितीच्या मर्जीकडून उघड बोलीकडे गेला. डेन्मार्कमध्ये सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असतो, आपल्याकडे केंद्र-राज्यं मिळून एक-तृतीयांशाहून कमी. तरी भ्रष्टाचार कमी असलेल्या देशांच्या यादीत डेन्मार्क सतत वरच्या जागांवर असतो. भ्रष्टाचार आणि कंपन्यांचा प्रभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण नुसता आकार मोजून उत्तर मिळत नाही, एवढं यातून नक्की कळतं. सरकारच्या एका सहीची किंमत किती, ती सही किती बंद दाराआड होते आणि तिचा भार किती जणांत पसरतो, हे मोजावं लागतं.

ओल्सन यांनी यातून वाटही दाखवली होती: संघटनेने सभासदाला असं काही द्यावं, जे बाहेरच्याला मिळत नाही. सावदा-रावेरच्या केळीवाल्यांना हे पुस्तक न वाचता उमगलं असावं. फ्रूटसेल सोसायटीत, म्हणजे केळी विकणाऱ्या सहकारी संस्थेत, नाव असेल तर माल रेल्वेने दिल्लीकडे जाणार, म्हणून शेतकरी सभासद झाला, आणि सभासद होते म्हणून वॅगनसाठी रेल्वेशी भांडायला माणूस मिळाला. कापसाला अशी वॅगन नाही. व्यापारी काटा घेऊन थेट दारात येतो, खेडा खरेदीत रोख मोजतो आणि पुढच्या घरी जातो.