ड्राय वाइन आणि तुरट वाइन

कॅबरने सॉव्हिन्यों या लाल वाइनच्या पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या गेल्या आणि जीभ कोरडी पडली, की ‘फारच ड्राय आहे’ असा शेरा हमखास ऐकू येतो. वाइनची ओळख करून देणाऱ्या लेखांतही तो बिनदिक्कत छापला जातो, आणि तो चुकीचा आहे.

ड्राय म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असते. किण्वन होताना यीस्टने रसातील जवळजवळ सगळी साखर संपवली, की उरते ती ड्राय वाइन. युरोपीय संघाच्या नियमांत त्यासाठी लिटरमागे ४ ग्रॅम, आणि आम्लता पुरेशी असल्यास ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते. ड्राय या शब्दाचा संबंध साखरेशी आहे आणि तेवढाच आहे.

तोंड कोरडे पडते ते टॅनिनमुळे. टॅनिन द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत असते आणि ओकच्या पिंपातूनही थोडे उतरते. लाळेतील प्रथिनांशी ते बांधले जाते, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल, हिरड्या, जीभ एकमेकांवर खरखरीत घासू लागतात. आपण षड्रसांत तुरट रस मोजत आलो असलो, तरी ही जाणीव मुख्यतः स्पर्शाची आहे. घोट गिळल्यावर वरचा ओठ आतून हिरडीवर फिरवून पाहावा. तुरटपणा तिथेही स्वच्छ जाणवतो. साखरेने तो थोडा झाकला जातो, नाहीसा होत नाही: फार उकळलेल्या कोऱ्या चहात दोन चमचे साखर घातली, तरी तोंड आवळतेच.

याचा सर्वांत ठळक पुरावा पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातील पोर्ट या गोड वाइनमध्ये मिळतो. किण्वन अर्ध्यावर असतानाच तिच्यात द्राक्षाचे मद्यार्क मिसळतात, यीस्ट मरते आणि भरपूर साखर मागे राहते. तरीही कोवळी व्हिंटेज (एकाच वर्षाच्या द्राक्षांची) पोर्ट गोड असूनही चांगलीच तुरट लागते. उलट, सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा रस सालींपासून आधीच वेगळा काढून आंबवतात, म्हणून ती पूर्ण ड्राय असली तरी तुरट जवळजवळ नसते. तिच्यात जे झोंबते ते आम्ल, आणि आम्लाने तोंड कोरडे पडत नाही, उलट लाळ सुटते.

‘फ्रूटी’ म्हणजे गोड, हा दुसरा गैरसमज लवकर मिटतो: नाक चिमटीत धरून घोट घ्यावा, फळाचा वास गायब होतो आणि गोडी असेल तर ती तशीच राहते. ‘बॉडी’ म्हणजे घोटाचा तोंडातील जडपणा. त्यात अल्कोहोलचा वाटा मोठा.

शब्दांच्या या गोंधळाची किंमत पिणाऱ्यालाच मोजावी लागते. ‘कमी ड्राय द्या’ म्हटले, की वाढपी प्रामाणिकपणे गोड वाइन आणून ठेवतो, आणि पाहुण्याला तर फक्त हिरड्यांची ओढ नको असते. त्याने ‘कमी तुरट’ अशीच मागणी करावी. पिनो न्वार किंवा फ्रान्सच्या बोजोले भागातील गामे या दोन्ही लाल वाइन ड्राय असूनही सहसा सौम्य असतात. कॅबरनेच प्यायची असेल, तर ती मटणाबरोबर घ्यावी, कारण टॅनिनला बांधून घ्यायला मांसातील प्रथिने मिळतात. ती फ्रीजमधून काढून लगेच ओतणे मला अजिबात मान्य नाही, कारण थंडीने तुरटपणा अधिकच बोचतो.