डाळ शिजत नाही, त्या पाण्यात काय उगवतं?

मराठवाड्यात बोअरच्या पाण्याची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. चार शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाताखाली येते, साबणाला फेस धरत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं. बेसाल्टच्या भेगांमधून झिरपताना पाण्याने उचललेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हे सगळं घडवून आणतात. याच पाण्याने फिशटँक भरला की दुकानात लखलखणारे निऑन टेट्रा मासे चार-आठ दिवसांत मान टाकतात आणि कबोंबा या पाणवनस्पतीची मऊ झुलपं गळून तळाशी बसतात. मग दुकानदार पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) कमी करायची बाटली देतो. ती ओतली की पीएच उतरतो आणि दोन दिवसांत परत वर येतो, कारण बायकार्बोनेट आम्ल गिळून टाकतं. हा उद्योग न केलेलाच बरा. या पाण्यात आनंदाने वाढणाऱ्या वनस्पती आणि मासे आहेत. टाकी त्यांच्यासाठी मांडावी.

पाण्याखालच्या वनस्पतीची मुख्य अडचण कार्बन. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानाला लागून असलेला साठा संपला की नवा पोचेपर्यंत पान उपाशी राहतं. मॉस जातीच्या वनस्पतींना विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवरच भागवावं लागतं. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांना दुसरी वाट ठाऊक आहे: त्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. म्हणजे ज्या क्षारांमुळे डाळ शिजत नाही, त्यातलाच एक यांचं अन्न. हायड्रिलाचं पान हे काम दोन बाजूंनी वाटून करतं. खालच्या बाजूने आम्ल सोडून बायकार्बोनेट फोडायचं आणि उरलेला अल्कली वरच्या बाजूने बाहेर टाकायचा. वरच्या पृष्ठभागाजवळचा पीएच उन्हाच्या वेळी दहाच्या आसपास जातो आणि तिथे चुना बसतो. कठीण पाण्यातल्या जुन्या पानावर बोट फिरवलं तर बारीक रवा लागल्यासारखा खरखरीतपणा जाणवतो, तो हाच. रोग समजून ते पान घासत बसू नये.

आता मांडणी. सुरुवातीला २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी पुरे. काच ६ मिलिमीटरची. कागदावर तिचं माप ७० लिटर भरतं, पण माती-वाळू आणि वरची दोन इंच मोकळी जागा सोडली तर खरं पाणी ५० लिटर राहतं. पुढची सगळी प्रमाणं याच ५० लिटरची आहेत. भरलेली टाकी ८० किलोच्या पुढे जाते, त्यामुळे स्टँड लेव्हलमध्ये हवा आणि काचेखाली थर्माकोलची अर्धा इंची शीट हवी. पश्चिमेची भिंत, पत्र्याची खोली आणि खिडकीचं थेट ऊन टाळावं.

तळाला एक इंच माती, वर दोन इंच वाळू. माती कुठली, यावर बरेच जण फसतात. शेतातली काळी कसदार माती अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात पटाईत असते, पण पाण्यात ती फुगते, लोण्यासारखी चिकट होते, तिच्यातली हवेची वाट बंद होते आणि दोन महिन्यांत सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. बागेतली मुरमाड लाल माती चाळून वापरावी. काळीच हवी असेल तर एक भाग मातीत तीन भाग वाळू मिसळून अर्ध्या इंचाचाच थर द्यावा. शेणखत अजिबात नको, ते पाण्यात अमोनिया सोडतं.

वाळू साधारण १५ किलो लागते. दाणा रव्यापेक्षा जाड आणि ज्वारीच्या निम्मा असावा. त्याहून बारीक वाळू दाबून बसते, त्याहून जाड वाळूच्या फटीत माशांचं खाणं अडकून कुजतं. ती धुवायला दहा-बारा पाणी लागतात. टंचाईत हे धुणं कुंड्यांजवळ करावं, म्हणजे पाणी वाया जात नाही. सजावटीला काळा पाषाण उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. मात्र आपल्याकडच्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात आणि त्यातले काही कॅल्साइटचे निघतात. शंका आली तर त्यावर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाकावा. फसफसलं तर दगड बाहेर ठेवावा, नाही फसफसलं तर भरपूर धुऊन घ्यावा.

वाळूवर ताट उपडं ठेवून त्यावर बारीक धारेने पाणी सोडावं, नाहीतर खालची माती वर येते. अर्धी टाकी भरली की रोपं लावावीत, आणि कंजूषी करू नये. तळाचा दोन तृतीयांश भाग पहिल्याच दिवशी हिरवा दिसला पाहिजे. मागे व्हॅलिस्नेरियाची २० ते २५ रोपं, बाजूला हायग्रोफिला आणि हायड्रिलाच्या जुड्या, पुढे दगडाला दोऱ्याने बांधलेलं अनुबियास. व्हॅलिस्नेरियाच्या मुळांवरचा पांढरा गड्डा वाळूच्या वर राहू द्यावा. तो गाडला की रोप सडतं. अनुबियासच्या आडव्या खोडाचंही तसंच. रोपं दुकानातून घ्यावीत. नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) हे पक्षी अभयारण्य आहे, तिथून काही उपटून आणू नये. गावतळ्यातली वनस्पती आणली तर तिच्यासोबत जळवा आणि चतुराची अळी येते, आणि ही अळी लहान मासे खाते.

प्रकाशासाठी महागड्या दिव्यांची गरज नाही. ६५०० केल्विनच्या दोन फुटी, १० वॉटच्या दोन साध्या एलईडी बॅटन पुरतात. रोज सहा-सात तास, टायमर लावून. दहा-बारा तास दिवा ठेवला तर फायदा शेवाळाचा होतो.

मासे मात्र लगेच नकोत. इथे घाई करणारे सर्वात जास्त हरतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया निघतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात. पूर्वी ही दोन टप्प्यांची कामं दोन वेगळ्या गटांची मानली जात. २०१५ मध्ये हा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा जिवाणू सापडले, त्यातले काही मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमध्ये. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या पाण्यात ती जमण्याआधी मासे सोडणं जास्तच धोक्याचं, कारण अमोनियाचं विषारीपण पीएचवर ठरतं. पीएच ७ आणि २५ अंशाला एकूण अमोनियातला विषारी भाग जेमतेम ०.५७ टक्के असतो, पीएच ८.५ आणि ३० अंशाला तोच २० टक्के होतो. तोच कचरा, पण विष ३५ पट.

म्हणून जिवाणूंना माशांविना खाऊ घालावं. शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणून ३ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावं. यातलं १० मिलिलिटर टाकीत टाकलं की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. कल्हईवाल्याचा नवसागर हेच रसायन आहे, पण त्यात मळ असतो, तो नको. टेस्ट किटने अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस. टाकल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की टाकी तयार. ओळखीच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज नव्या पाण्यात पिळला तर हा काळ निम्म्यावर येतो.

माशांत पहिला मान गप्पीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं ज्याला हौदात सोडतं, तोच. मॉली आणि प्लॅटीलाही कठीण पाणी मानवतं, आणि आपल्याच उपखंडातला झेब्रा डॅनिओ जवळपास कशातही राहतो. ५० लिटरमध्ये आठ झेब्रा आणि पाच-सहा गप्पी नर बास. माद्या घेतल्या तर तीन महिन्यांत मोजदाद सुटते. गोल्डफिश रोपं उपटतो आणि घाण फार करतो. सकर फिश ‘काच साफ करतो’ म्हणून विकला जातो, पण वाढून फूटभराच्या पुढे जातो. दोघांनाही या टाकीत जागा नाही.

पाणी कुठलं, हे दर वेळी बघावं लागतं, कारण आपल्याकडे एकाच घरात नळ, बोअर, टँकर आणि जार असे चार प्रकार येतात. नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं. १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपोचे खडे, १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून २० लिटरच्या बादलीला २ मिलिलिटर द्यावं. टँकरच्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येत असेल तर दुप्पट. चार दिवस हौदात पडलेल्या पाण्यातलं क्लोरीन बहुतेक उडालेलं असतं. स्रोत बदलला तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरने फरक मोजावा आणि एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त बदलू नये. ९०० टीडीएसच्या पाण्यातला मासा २०० च्या पाण्यात एकदम पडला की त्याच्या पेशींत पाणी शिरतं आणि तो बाजूला कलंडतो. मे महिन्यात छतावरच्या टाकीचं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. बदलायचं पाणी पहाटे भरून ठेवावं.

उन्हाळा हा खरा कस. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाला ७ च मावतो, आणि गरम पाण्यात माशाची भूक-धाप दोन्ही वाढते. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, म्हणून मासे पहाटे पाचच्या सुमाराला वर येऊन तोंड वासतात. एअर पंप रात्री नक्की चालवावा. 

थंड करायला बर्फाच्या पिशव्या नकोत, तापमान झोके खातं. माठ जसा गार होतो, तीच युक्ती वापरावी. झाकण काढून संगणकातला १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका लावावा. एक लिटर पाण्याची वाफ होताना जितकी उष्णता जाते, तितकी ५० लिटरमधून एकदम काढली तर पाणी ११ अंशांहून जास्त उतरेल. बाहेरून उष्णता सतत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात तीन-चार अंश उतरतं, आणि तेवढं पुरतं. आपला उन्हाळा कोरडा म्हणून हे साधतं. जुलैच्या दमट हवेत हाच पंखा फारसा कामाचा नाही. वर मच्छरदाणीची जाळी ताणावी, नाहीतर झेब्रा सकाळी फरशीवर सापडतो.

वाफ झालेल्या पाण्याची भरपाई बोअरने करू नये. वाफ जाते, क्षार मागे राहतात. ९०० टीडीएसचं पाणी रोज लिटरभर घातलं तर टाकीचा टीडीएस दिवसाला १८ ने चढतो आणि महिन्याभरात १४०० च्या पुढे जातो. रोजची भर जारच्या किंवा आरओच्या पाण्याने घालावी. आरओच्या नळीतून वाया म्हणून बाहेर पडणारं पाणी मूळ पाण्याहून कठीण असतं, ते नको. एसीच्या पाण्यात तांबं असू शकतं, तेही नको.

दोन-तीन महिन्यांनी हायग्रोफिलाची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात उसावर पडणारा केवडा शेतकऱ्याला दाखवावा लागत नाही, हा त्याचाच भाऊ. लोह आहे, पण जास्त पीएचला ते गंजून बसतं. उपाय कृषी सेवा केंद्रातच मिळतो, फक्त चिलेट, म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग, बघून घ्यावं. स्वस्त ईडीटीए लोह आपल्या पाण्यात टिकत नाही, डीटीपीए थोडं बरं, ईडीडीएचए ठाम टिकतं, जरी पाण्याला लालसर झाक येते. चिमूटभरही जास्त होईल, टोकदार काडीवर राहील इतकंच आठवड्याला.

त्याच दुकानातली ठिबकची विद्राव्य खतं टाकीलाही चालतात. १३:०:४५ चे (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) २५ ग्रॅम २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून आठवड्याला ५ मिलिलिटर दिलं की लिटरला ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि सोबत पालाश मिळतं. ०:५२:३४ चे ५ ग्रॅम वेगळ्या २५० मिलिलिटरमध्ये, डोस अडीच मिलिलिटर. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर पालाश कमी पडतंय. बोअरच्या पाण्यात आधीच नायट्रेट भरपूर असेल, आणि खताच्या रानाजवळच्या बोअरला असतंच, तर १३:०:४५ बंद करून पोटॅशियम सल्फेट वापरावं. १९:१९:१९ मात्र कधीच टाकीत घालू नये. त्यातला नत्राचा बराच भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, आणि साडेआठच्या पीएचला त्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

काचेवरचा तपकिरी थर पहिल्या महिन्यात येतो आणि आपोआप जातो. पाणीच हिरवं झालं तर टाकीवर चार दिवस चादर टाकून पूर्ण अंधार करावा. काळं दाढीसारखं शेवाळ आलं तर सिरिंजने ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेट त्याच्यावर सोडावं, एकूण २० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही, आणि तेवढा वेळ पंप बंद. ‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणारं ग्लुटारल्डिहाइड व्हॅलिस्नेरियाला वितळवतं.

लाईट गेल्यावर दोन-तीन तास काही बिघडत नाही. जास्त वेळ गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावावा, तोही नसेल तर तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतावं. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये अडकलेलं पाणी तासाभरात सडू लागतं, म्हणून भारनियमनाच्या गावात साधा स्पंज फिल्टरच बरा. तो नळाखाली धुऊ नये, काढलेल्या पाण्यात दोनदा पिळावा. दर महिन्याला टाकी रिकामी करून साबणाने घासणाऱ्यांचे मासे का मरतात, याचं उत्तर त्या पिळलेल्या मळक्या पाण्यात आहे.

आठवड्याला १० लिटर पाणी बदलावं, टंचाईत पंधरवड्याला ५ लिटरवरही भागतं. बोअर फार कठीण नसेल तर काढलेलं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. व्हॅलिस्नेरिया धुमारे फोडत सुटली की जास्तीची रोपं ओळखीत वाटावीत. छाटलेली हायड्रिला मात्र नाल्यात टाकू नये, बोटभर तुकडाही रुजतो. गच्चीवर दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवून मग खताच्या खड्ड्यात टाकावी.