रियुनियन बेटावरील हेलिकॉप्टर सफर

हिंदी महासागरातील रियुनियन या ज्वालामुखी बेटाचे हवेतून दर्शन घडवणारी पर्यटन-फेरी. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ७०० किमी. अंतरावरचे हे बेट १९४६ पासून फ्रान्सचा सागरपार विभाग आहे आणि तिथे युरो चालतो. त्याचे क्षेत्रफळ अवघे २,५१२ चौ. किमी. असल्याने हेलिकॉप्टर तासाभराच्या आत त्याला प्रदक्षिणा घालून येते. तेवढ्या वेळात प्रवाळाचे उथळ पाणी, उसाचे मळे, ढगांत बुडालेले अरण्य, हजार मीटरचे कडे आणि जिवंत ज्वालामुखी नजरेखालून जातात. हेच पायी पाहायचे तर कित्येक दिवस आणि दणकट गुडघे हवेत, आणि काही जागा तरीही दिसत नाहीत.

मराठी वाचकाला या बेटाबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. रियुनियन ज्या तप्तस्थळावर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून शिलारस वर येत राहणाऱ्या जागेवर, उभे आहे, त्याच तप्तस्थळाने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर ओतले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बेटांची रांग उमटत राहिली. पुढे मॉरिशस झाले आणि शेवटी रियुनियन. सह्याद्रीचा काळा कातळ आणि इथला काळा कातळ असे एकाच चुलीवरचे आहेत. फरक इतकाच की इथली चूल अजून विझलेली नाही.

बेटावर दोन ज्वालामुखी आहेत. वायव्येचा पितों दे नेज (सुमारे ३,०७० मी.) हे हिंदी महासागरातले सर्वोच्च शिखर, तो हजारो वर्षे शांत आहे. आग्नेयेचा पितों द ला फुर्नेज (२,६३२ मी.) जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. शांत ज्वालामुखीभोवती माफात, सिलाओस आणि सालाझी अशी तीन प्रचंड खोरी किलवरच्या पानासारखी मांडलेली आहेत. त्यांना ‘सर्क’ म्हणतात. गोलसर आकार पाहून बरेच प्रवासी त्यांना ज्वालामुखीची मुखेच समजतात, पण ते खरे नाही. खचलेला डोंगर आणि त्याला लाखो वर्षे कोरणारा पाऊस, अशा दोघांचे हे काम आहे. पाऊसही साधा नव्हे. जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक येथे २४ तासांत १,८२५ मिमी., तर फेब्रुवारी २००७ मध्ये कोमेर्सों विवरापाशी ७२ तासांत ३,९३० मिमी. पाऊस पडला, हे दोन्ही जागतिक उच्चांक आहेत. इथली शिखरे, सर्क आणि ‘रेम्पार’ म्हणजे तटासारखे उभे कडे यांना २०१० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या सफरीचे वेळापत्रक वैमानिकापेक्षा ढग जास्त ठरवतात. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन डोंगराला भिडतात, ऊन चढू लागले की उतारांवर ढग धरतात आणि सकाळचे दहा वाजेपर्यंत सर्क बहुधा कापूस भरल्यासारखे होतात. म्हणून उड्डाणे भल्या पहाटेच सुरू होतात आणि सर्वांत मागणी पहिल्या फेऱ्यांना असते. मे ते नोव्हेंबर हे कोरडे महिने सोयीचे. डिसेंबर ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ असल्याने बेत कोलमडण्याची तयारी ठेवावी लागते.

बहुतेक सफरी पश्चिम किनाऱ्यावरच्या सें-जिलजवळच्या तळावरून निघतात; दक्षिणेत पिएरफों विमानतळावरूनही उड्डाणे होतात. राजधानी सें-दनीच्या मुख्य विमानतळाला रोलाँ गारोस यांचे नाव आहे. टेनिसच्या मैदानामुळे जगाला ठाऊक असलेले हे गृहस्थ टेनिसपटू नव्हते. याच शहरात १८८८ साली जन्मलेले ते वैमानिक, १९१३ मध्ये भूमध्य समुद्र न थांबता ओलांडणारे पहिले.

उड्डाणातला सर्वांत नाट्यमय क्षण पहिल्या दहा मिनिटांतच येतो. उसाचे मळे मागे पडतात, उतार चढत जातो, झाडांचे शेंडे पायाखाली अगदी जवळ येतात. माइदो या प्रेक्षणस्थळाच्या सुमारे २,२०० मी. उंचीच्या कड्यावरून यंत्र इतक्या जवळून जाते की कठड्याला टेकलेली माणसे आणि त्यांच्या टोप्या ओळखू येतात. मग कडा संपतो आणि जमीन एका क्षणात हजार मीटरहून अधिक खाली जाते. हेलिकॉप्टर आहे त्याच उंचीवर असते, तरी पोटात खड्डा पडतो.

खाली दिसतो तो माफात. या सर्कमध्ये मोटारीचा रस्ता नाही. आत जायचे तर पायी किंवा हेलिकॉप्टरने. कड्यांच्या पोटातल्या लहान सपाटीला इथे ‘इलेट’ म्हणतात, आपल्या भाषेत माचीच. ला नुव्हेल, मार्ला, रोश-प्लात, ओरेर अशा इलेटांवर मिळून काही शे माणसे राहतात. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी अठराव्या शतकात या दुर्गम खोऱ्यांचा आसरा घेतला आणि ‘माफात’ हे नावही त्यांच्यातल्याच एका म्होरक्याचे. बेटावरची गुलामगिरी २० डिसेंबर १८४८ रोजी संपली. इथली टपाल इव्रँ पोझे या पोस्टमनने १९५१ ते १९९१ अशी चाळीस वर्षे पायी वाटली. आज वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांतून येते; तांदूळ, गॅसच्या टाक्या, सिमेंट आणि पत्रे हेलिकॉप्टरखाली दोराला टांगून येतात आणि परतीच्या खेपेत कचऱ्याच्या गोण्या जातात. पर्यटकाच्या खिडकीतून खोऱ्यापलीकडे एखादे हेलिकॉप्टर लोंबती गोणी सांभाळत इलेटावर उतरताना दिसते, तेव्हा हे वाहन या बेटावर चैनीपुरते नाही हे लक्षात येते. सफरीची जाहिरात मात्र धबधब्यांची असते.

धबधबेही तोलामोलाचे आहेत. सालाझीच्या भिंतीवरचा ‘नववधूचा पडदा’ रस्त्यावरूनही दिसतो. त्रू द फेर या अरुंद, खोल घळीचे तसे नाही. बेलूव्हच्या अरण्यातून चालत गेल्यास एका कठड्यावरून तिचे समोरून दर्शन होते. पण वैमानिक थेट घळीच्या तोंडात उतरतो आणि जागच्या जागी हळूहळू गिरकी घेतो. चारी बाजूंना शेवाळाने हिरवे झालेले ओले कडे आणि त्यांवरून सुटलेले पाण्याचे दोर. खर्च वसूल होतो तो बहुतेकांच्या मते इथेच.

ज्वालामुखीचा भाग रंगाने वेगळा. प्लेन दे साब्ल हे तांबूस-करडे ओसाड पठार ओलांडले की आंक्लो फुके हे कड्यांनी वेढलेले, पूर्वेला समुद्राकडे उघडे असलेले विशाल कुंड लागते. अलीकडच्या काळातले बहुतेक उद्रेक याच कुंडात झाले. शिखरावरच्या दोलोमिय विवराचा तळ एप्रिल २००७ च्या मोठ्या उद्रेकात ३०० मी.हून अधिक खचला. त्या वेळी लाव्हा किनाऱ्याचा रस्ता ओलांडून समुद्रात गेला आणि बेटाची थोडी जमीन वाढली. समुद्राकडे उतरणाऱ्या ग्राँ ब्रूलेच्या उतारावर लाव्हाच्या वयाचा हिशेब वरून रंगाने लागतो: नवा प्रवाह काळा कुळकुळीत, त्याहून जुना दगडफुलामुळे राखाडी, आणखी जुना नेच्यांनी हिरवट. खाली रस्त्याच्या कडेला प्रत्येक प्रवाहापाशी सालाची पाटी लावलेली आहे. लाव्हा वाहणे हे इथल्या उद्रेकांचे नेहमीचे रूप, स्फोट क्वचितच. त्यामुळे उद्रेक झाला की पळापळ होत नाही. आंक्लोतल्या पायवाटा बंद होतात आणि हेलिकॉप्टरच्या तिकिटांवर उड्या पडतात.

वापरात मुख्यतः एकाच इंजिनाची एक्युरॉय (अर्थ : खार) आणि तिच्याच कुळातली ईसी १३० ही यंत्रे आहेत. एक्युरॉयच्या एका आवृत्तीने १४ मे २००५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकण्याचा पराक्रम केलेला असल्याने तीन हजार मीटरची तिला मातब्बरी नाही. ईसी १३० चा शेपटीकडचा पंखा गोल आवरणात झाकलेला असतो आणि आवाज जरा कमी होतो. तोही माफातमधल्या गिर्यारोहकांना जास्तच वाटतो, कारण तो कड्यांमध्ये घुमतो. शांतता शोधत दोन दिवस चालून आलेल्या माणसाच्या डोक्यावरून सकाळभर फेऱ्या जाव्यात, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही.

प्रवाशांचे वजन आधी करतात आणि बसायची जागा त्यावरून ठरते. पैसे देऊनही पुढची खिडकी मिळेलच असे नाही. गडद कपडे घालावेत, पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब काचेत पडून छायाचित्रांची माती होते. स्कूबा डायव्हिंग केल्यानंतर दिवसभर उडू नये, कारण समुद्रसपाटीवरून तीन हजार मीटरपर्यंतची चढण काही मिनिटांत होते आणि हवेचा दाब झपाट्याने घटतो. परतीची वाट लॅर्मिताजच्या खारकच्छावरून असते, आणि जून ते सप्टेंबरमध्ये पलीकडच्या निळ्या पाण्यात कुबड असलेल्या देवमाशांची पाठ दिसण्याची शक्यता असते. सफर मुक्कामाच्या पहिल्या दिवसांत ठेवावी. शेवटच्या सकाळी ठेवली आणि ढग लवकर आले, तर पैसे परत मिळतात, सकाळ मिळत नाही.