क्रूझची अखेरची सकाळ : सामान आणि नाश्ता

क्रूझ संपल्यावर प्रवाशांनी जहाजावरून कायमचे उतरणे याला क्रूझच्या व्यवहारात डिसएम्बार्केशन म्हणतात. ही एका सकाळची गोष्ट मानली जाते, पण तिची सुरुवात आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये बॅगा भरताना होते आणि टर्मिनलच्या दालनात आपली बॅग हाती आली की ती संपते. या अवधीत प्रवाशाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : सामान रात्रीच जहाजाच्या हवाली करायचे की सकाळी स्वतः ओढत न्यायचे, आणि नाश्ता कुठे व किती वाजता करायचा. पहिला निर्णय चुकला की दुसराही बिघडतो. मोठी बॅग सोबत असलेला माणूस बुफेत धड ताट घेऊ शकत नाही, आणि नाश्त्याला उशीर झालेल्याची उतरण्याची पाळी निघून जाते.

या सकाळच्या घाईचे मूळ जहाजाच्या वेळापत्रकात आहे. बहुतेक मोठी जहाजे ज्या दिवशी एक सफर संपवतात त्याच दिवशी दुपारी पुढच्या सफरीला निघतात. या दिवसाला टर्नअराउंड म्हणतात. पहाटे बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला धक्क्यापर्यंत वाट दाखवणारा जाणकार, जहाजावर चढतो, सहा-सातच्या सुमारास जहाज धक्क्याला लागते आणि दुपारी चार-पाचला ते पुन्हा सुटते. मधल्या वेळेत जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात, एकूण एक केबिन स्वच्छ होते, आठवड्याचा शिधा आणि बरेचदा इंधनही भरले जाते, कचरा उतरवला जातो. जानेवारी 2024 मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज पूर्ण भरले तर त्यावर सुमारे 7,600 प्रवासी असतात. माणशी एकच बॅग धरली, तरी काही तासांत किती सामान धक्क्यावर न्यावे लागते याचा अंदाज येतो.

अमेरिकेच्या बंदरांत याला आणखी एक अट जोडली जाते. आधीच्या सफरीचा प्रत्येक प्रवासी उतरल्याची नोंद व्हावी लागते. ही मोजणी शून्यावर आल्याशिवाय नव्या प्रवाशांना वर घेत नाहीत. सलग दोन सफरी करणाऱ्यांनाही साधारणतः खाली उतरून तपासणी करून परत यावे लागते. म्हणून एखादा प्रवासी केबिनमध्ये झोपून राहिला, की त्याच्या नावाची घोषणा पुन्हा पुन्हा होते आणि टर्मिनलमध्ये शेकडो माणसे ताटकळतात. भूमध्य समुद्रातील अनेक सफरींत मात्र चित्र वेगळे असते. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांच्या जहाजांवर वाटेतल्या बऱ्याच बंदरांत प्रवासी चढतात आणि उतरतात, त्यामुळे एकाची अखेरची सकाळ ही शेजारच्या केबिनमधल्या माणसाची सफरीतली साधी सकाळ असते. तिथे नाश्ता नेहमीसारखाच चालू राहतो, मात्र उतरणाऱ्याने आपल्या वेळेकडे स्वतः लक्ष ठेवावे लागते, कारण सगळे जहाज त्याच्याबरोबर हलत नाही.

रात्री दाराबाहेर ठेवलेली बॅग

सामान जहाजाच्या हवाली करण्याची पद्धत बहुतेक कंपन्यांत सारखीच आहे. सफर संपण्याच्या एक-दोन दिवस आधी केबिनमध्ये रंगीत किंवा क्रमांकाचे टॅग येतात, किंवा ते प्रवाशाने नेमल्या जागेहून आणायचे असतात. रंग किंवा क्रमांक उतरण्याची पाळी दाखवतो. विमान लवकर असलेल्यांना आधीची पाळी आणि दुपारनंतरचे विमान असलेल्यांना किंवा त्याच शहरात राहणाऱ्यांना नंतरची, असा सर्वसाधारण क्रम असतो. टॅगवर नाव आणि केबिनचा क्रमांक लिहून ते बॅगेला बांधायचे आणि बॅग रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत, बहुधा दहा ते बाराच्या दरम्यान, दाराबाहेर ठेवायची. कर्मचारी रात्रभर या बॅगा गोळा करून खालच्या डेकवर नेतात. तिथे जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा रुंद मार्ग असतो. अनेक जहाजांवर त्याला एका अमेरिकी महामार्गाच्या नावावरून ‘आय-95’ म्हणतात. बॅगा टॅगप्रमाणे वेगळ्या करून जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत भरतात, आणि जहाज धक्क्याला लागले की हे पिंजरे फोर्कलिफ्टने टर्मिनलमध्ये जातात. प्रवाशांच्या आधी त्यांचे सामान उतरते ते असे.

दाराबाहेर ठेवलेली बॅग मालकाला पुन्हा दिसते ती थेट टर्मिनलमध्ये. ‘जरा एक वस्तू काढून घेतो’ ही सोय मधल्या वेळेत नाही. या एका गोष्टीचे भान ठेवून बॅग भरली की पुढची बहुतेक अडचण टळते. सकाळी घालायचे कपडे आणि पायताण, पासपोर्ट आणि प्रवासाची कागदपत्रे, रोजची औषधे, चष्मा, दातांची कवळी, मोबाइलचा चार्जर, दागिने, रोख रक्कम, घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या हे सगळे हातातल्या छोट्या पिशवीत राहायला हवे. सगळे कपडे बॅगेत भरून टाकल्यामुळे रात्रीच्या पोशाखात उतरावे लागलेल्या प्रवाशांचे प्रसंग क्रूझच्या जगात नवीन नाहीत, पण खरा धोका कपड्यांचा नसून औषधांचा आहे. इन्सुलिन किंवा हृदयाचे, रक्तदाबाचे औषध मोठ्या बॅगेत गेले, तर सकाळची मात्रा चुकते, आणि ती नाश्त्याशी बांधलेली असेल तर नाश्ताही अडतो. घरातल्या ज्येष्ठांची औषधे हातात आहेत ना, हे दार बंद करण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तरी विचारून घ्यावे.

फुटणाऱ्या वस्तूही या बॅगेत नकोत, कारण पिंजऱ्यात बॅगेवर बॅग रचली जाते. जहाजावरच्या दुकानातून घेतलेल्या मद्याच्या बाटल्या बहुधा शेवटच्या संध्याकाळीच केबिनमध्ये मिळतात, म्हणजे नेमक्या बॅगा भरून झाल्यावर. पुढे विमान असेल तर त्या हातातल्या सामानात चालत नाहीत असा अनेक विमानतळांवरचा नियम आहे, कारण तिथे द्रवाची मर्यादा 100 मिलिलिटरची आहे. त्यामुळे टर्मिनलमध्ये मोठी बॅग मिळाल्यावर ती पुन्हा उघडून बाटल्या कपड्यांत गुंडाळून आत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बॅगेत थोडी जागा आधीच मोकळी ठेवलेली बरी. पॉवर बँकेचे उलट आहे. ती विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते.

स्वतः सामान नेणारे

दुसरा मार्ग म्हणजे सगळ्या बॅगा स्वतः घेऊन उतरणे. कंपन्या याला सेल्फ-असिस्ट, एक्स्प्रेस किंवा वॉक-ऑफ अशी नावे देतात. परवानगी मिळाली की हे प्रवासी सर्वांत आधी, बरेचदा सात-साडेसातच्या सुमारास बाहेर पडतात. रात्री बॅग सोडावी लागत नाही, टर्मिनलमध्ये ती शोधावी लागत नाही, आणि सकाळचे विमान गाठायचे असेल तर हाच मार्ग उरतो.

कंपनीची अट एकच असते : सगळे सामान एका फेरीत, कोणाच्याही मदतीशिवाय नेता आले पाहिजे. ही अट कठोर वाटली तरी योग्य आहे. त्या वेळी लिफ्टसमोर रांगा लागतात, प्रत्येक लिफ्ट बॅगांनी भरून येते, आणि अनेकांना जिन्यावरून सामान उचलून न्यावे लागते. गँगवेचा, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरण्याच्या पुलाचा, उतारही दर वेळी सारखा नसतो, भरती-ओहोटीप्रमाणे तो बदलतो आणि कधी चांगलाच चढा होतो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्यासोबत लहान मूल आहे किंवा ज्यांच्याकडे माणशी एकाहून अधिक जड बॅगा आहेत, त्यांनी या मार्गाला जाऊ नये. त्यात वाचणारा अर्धा-पाऊण तास पाठीच्या दुखण्याइतका मोलाचा नसतो. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था असते. त्यांनी आदल्या दिवशी नाव नोंदवून सकाळी ठरलेल्या दालनात जमायचे, आणि कर्मचारी त्यांना खाली नेतात.

नाश्ता

अखेरच्या सकाळी नाश्ता लवकर सुरू होतो आणि लवकर संपतो. बुफे बहुधा सहाच्या आसपास उघडतो. मुख्य भोजनगृहातही टेबलावर वाढलेला नाश्ता मिळतो, पण पदार्थ नेहमीपेक्षा मोजके असतात. केबिनमध्ये नाश्ता मागवण्याची सोय अनेक जहाजांवर त्या दिवशी बंद असते किंवा चहा-कॉफी आणि पाव इतकीच उरते, आणि स्वतंत्र शुल्काची उपाहारगृहे बहुतेक बंद असतात. आवराआवर लवकर होण्याचे कारण सरळ आहे. ज्या स्वयंपाकघरात हा नाश्ता शिजतो, त्याच स्वयंपाकघराला दुपारी नव्या प्रवाशांचे जेवण द्यायचे असते. मधल्या थोड्या वेळात भांडी, ओटे, बुफेच्या मांडण्या धुऊन निर्जंतुक करायच्या असतात. त्याच वेळी धक्क्यावरून भाजी, फळे, मांस, दूध यांची खोकी आत येत असतात. रात्री बॅगा वाहिलेले काही कर्मचारी सकाळी नाश्ता वाढायलाही उभे असतात.

गर्दी सर्वाधिक होते ती सात ते आठच्या दरम्यान, कारण केबिन रिकामी करण्याची मुदत आठ-साडेआठच्या आसपास असते आणि अनेक जण केबिन सोडून, पिशव्या घेऊनच वर येतात. बुफे सहसा वरच्या डेकवर असतो आणि गँगवे खालच्या. एकदा सामानासह वर गेलेल्याला मग तीच गच्च भरलेली लिफ्ट धरून खाली यावे लागते. म्हणून दोन वेळा सोयीच्या ठरतात : साडेसहाच्या आत, सामान केबिनमध्ये ठेवून जाणे, किंवा पाळी उशिराची असेल तर पहिल्या पाळ्या उतरू लागल्यावर, मात्र नाश्ता बंद होण्याची वेळ पाहून. जागा मिळण्याच्या दृष्टीने मुख्य भोजनगृह बुफेपेक्षा निश्चित बरे. तिथे बसल्यावर ताट हातात घेऊन टेबल शोधत फिरावे लागत नाही, आणि ज्येष्ठांना याचा मोठा आधार वाटतो. वाढायला वेळ लागतो हे खरे. पाळी अगदी पहिली असेल तर तिथे बसू नये.

स्वच्छतेचा मुद्दा या सकाळी अधिक महत्त्वाचा ठरतो. हजारो हात बॅगांच्या मुठींना, लिफ्टच्या बटणांना, जिन्याच्या कठड्यांना लागतात आणि तेच हात बुफेतल्या चिमट्यांना लागतात. जहाजांवर पसरणाऱ्या पोटाच्या विकारांत नोरोव्हायरसचा वाटा मोठा असतो, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्यावर पुरेसा परिणाम होत नाही. साबण आणि पाण्याने हात धुणे हाच भरवशाचा उपाय आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 1970 च्या दशकात जहाजांच्या स्वच्छतेसाठी तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नियमांनुसार गरम पदार्थ किमान 57 अंश सेल्सिअसला आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या आत ठेवावे लागतात, किंवा ते किती वेळ मांडले यावर काटेकोर नजर ठेवावी लागते. घाईच्या सकाळीही यात सवलत नसते.

बुफेतले सफरचंद किंवा केळे ‘वाटेत खाऊ’ म्हणून पिशवीत टाकण्याची सवय मात्र महागात पडू शकते. ताजी फळे, मांस, बियाणे, घरगुती खाद्यपदार्थ किनाऱ्यावर नेण्यावर अनेक देशांत निर्बंध आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश त्याबाबत विशेष कडक आहेत. न जाहीर केलेल्या एका फळासाठीही तिथे दंड होतो. परकी कीड आणि रोग शेतीत शिरू नयेत म्हणून हे नियम आहेत आणि ते पाळायलाच हवेत. टर्मिनलमध्ये वास घेत फिरणारे कुत्रे बहुधा याच कामासाठी असतात. वाटेसाठी काही हवेच असेल तर पाकीटबंद बिस्किटे घ्यावीत आणि विचारल्यास सांगावीत.

केबिन सोडताना आणि उतरताना

जहाजावरच्या खर्चाचा हिशेब शेवटच्या रात्री बंद होतो आणि रक्कम नोंदवलेल्या कार्डावर पडते. बिलात काही खटकले तर त्याच रात्री चौकशीच्या काउंटरवर जावे, सकाळी तिथली रांग हलत नाही. केबिन सोडण्यापूर्वी तिजोरी उघडून तिचे दार उघडेच ठेवण्याची पद्धत चांगली आहे, आत काही राहिले नाही हे लांबूनही दिसते. खण, स्नानगृहाच्या दारामागचा हूक, पलंगाखालची जागा आणि प्लगमध्ये राहिलेला चार्जर हेही पाहावे. एकेका केबिन-परिचारकाकडे डझनाहून अधिक केबिन असतात आणि दुपारपर्यंत त्या सगळ्या तयार करायच्या असतात. चादरी-टॉवेलांच्या पोत्यांनी भरलेल्या बोळातून वाट काढताना हे लक्षात असावे. वेळेवर खोली सोडणे हे त्यांचे आभार मानण्याचाच भाग आहे.

यानंतर पाळी येईपर्यंत प्रवासी थिएटरात, लाउंजमध्ये किंवा मोकळ्या डेकवर थांबतात. गँगवेपाशी गर्दी करून पाळी लवकर येत नाही. उलट जिन्याची वाट तेवढी अडते. गँगवेवर जहाजाचे कार्ड शेवटचे स्कॅन होते आणि प्रवासी उतरल्याची नोंद पडते. त्यामुळे कार्ड आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नसावेत. धुके, वादळी समुद्र किंवा बंदराची मंजुरी यांमुळे उतरणे तास-दोन तास लांबू शकते. म्हणून मोठ्या जहाजाच्या प्रवाशांनी दुपारी बाराच्या आतले विमान घेऊ नये, असा सल्ला कंपन्या सर्रास देतात.

टर्मिनलच्या दालनात बॅगा रंग किंवा क्रमांकाप्रमाणे रांगेत मांडलेल्या असतात. महासागर ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांच्या काळातही अशीच मांडणी होती. न्यूयॉर्कच्या धक्क्यांवरील शेडमध्ये आडनावाच्या आद्याक्षराखाली सामान ठेवत, आणि प्रवासी आपल्या अक्षराखाली कस्टम्सच्या अधिकाऱ्याची वाट पाहत. वाटेत न लागणारे सामान तेव्हाच ‘नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज’ अशा लेबलने वेगळे केलेले असे. आज एकसारख्या काळ्या बॅगा ही दालनातली सर्वांत सामान्य अडचण आहे. मुठीला ठळक रंगाची फीत बांधणे, नाव-पत्त्याची एक चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवणे आणि रात्री दाराबाहेर ठेवण्यापूर्वी बॅगेचा एक फोटो घेऊन ठेवणे एवढ्याने बहुतेक गोंधळ टळतात. टॅग तुटलेली बॅग सहसा वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात. तिथेही ती नसेल, तर कस्टम्सच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत घ्यावी. एकदा बाहेर पडल्यावर या दालनात परत येऊ देत नाहीत, आणि चुकून दुसऱ्याने नेलेल्या बॅगेचा शोध या तक्रारीवरच सुरू होतो.