पॅकर्सवाल्याचा ‘इन्शुरन्स’ आणि खरा विमा

ओळखीत कुणाची बदली झाली की सल्ला ठरलेला असतो : ‘‘पॅकर्सवाल्याकडूनच इन्शुरन्स घे. तीन टक्के जातात, पण डोक्याला ताप नाही.’’ हे ऐकून ऐकून माझ्याच डोक्याला ताप झाला आहे. पॅकर्सवाल्याला विमा विकता येत नाही. तो फक्त विमा कंपनीची पॉलिसी काढून देऊ शकतो. बहुतेकदा ती काढलेलीच नसते.

म्हापशाहून फोंड्याला जायचं तर ओळखीचा टेम्पो, चार माणसं आणि आपण मागून स्कूटरवर. तिथे ना पॅकर्सची गरज, ना विम्याची. पुण्या-बंगळुरूसाठी अख्खा ट्रक करायचा की दुसऱ्याच्या सामानाबरोबर आपलं घालायचं, हा हिशोबही लोक बरोबर करतात. फसतात ते कोटेशनच्या तळाशी, ‘इन्शुरन्स/एफओव्ही 3%’ या एका ओळीत. त्या तिरक्या रेघेनं दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकल्यात.

एफओव्ही म्हणजे मालाच्या सांगितलेल्या किमतीवर आकारलेली जोखमीची रक्कम. तिला कायद्यात आधार आहे. 2007 च्या कॅरेज बाय रोड, म्हणजे रस्त्यानं मालवाहतुकीच्या, कायद्याखाली 2011 साली नियम झाले. त्यांनुसार माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे भाडं 22,000 असेल तर कमाल 2,20,000, आणि तेही मालाची सांगितलेली किंमत ओलांडून नाही. त्याहून जास्त जबाबदारी त्याच्यावर टाकायची तर जादा दर मोजायचा. तीन टक्के हे, फार तर, त्या जादा दराचे पैसे. यात लबाडी नाही. लबाडी आहे ती त्याला ‘इन्शुरन्स’ म्हणण्यात.

फरक कळतो तो सामान फुटल्यावर. दोन वर्षांपूर्वी, ऐन जूनमध्ये, आमचं सामान पुण्याहून चोर्ला घाटानं फोंड्याला आलं. आत्येच्या शिसवी कपाटाचा आरसा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडकलेला. सामानाची किंमत 4 लाख लिहून 12,000 रुपये मी ‘इन्शुरन्स’पोटी भरले होते. पॉलिसी नंबर मागितला तर सुपरवायझर म्हणाला, ‘‘साहेब, आमच्यात तसं नसतं, ऑफिसातून सेटलमेंट होते.’’ सेटलमेंट म्हणजे पुढच्या वेळी 1,500 रुपयांची सूट. पुढच्या वेळी!

म्हणजे ज्याच्या हातून मोडलं, तोच पंच आणि तोच खजिनदार. खऱ्या विम्यात नुकसान तिसरा माणूस, सर्व्हेअर, मोजतो. पैसे विमा कंपनी देते आणि मग ती वाहतूकदाराच्या मागे लागते.

या विम्याला ‘मरीन’ म्हणतात. आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं होतं, ‘‘सामान काय वास्कोच्या बंदरातून येतंय?’’ नाही. ट्रकनं जाणाऱ्या मालाचा विमाही त्याच खात्यात मोडतो. तेव्हा मरीन शब्द दिसला म्हणून पॉलिसी परत करू नका. त्यापेक्षा तिच्यातल्या इनलँड ट्रान्झिट क्लॉजपुढचं (देशांतल्या वाहतुकीच्या अटींपुढचं) अक्षर बघा. ‘ए’ असेल तर अपवाद सोडून सगळी जोखीम. ‘बी’ असेल तर आग, वीज, पूल कोसळणं, गाडीची टक्कर, गाडी उलटणं असले अपघात; घाटातल्या धक्क्यांनी फुटलेला आरसा त्यात बसत नाही. ‘सी’ म्हणजे फक्त आग आणि वीज. घरसामानाला ‘ए’च घ्यावी, यावर माझ्याशी वाद घालू नये. तरीही अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान ‘ए’तही मिळत नाही, म्हणून काचसामान स्वतः जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळायची हौस आवरा.

ट्रक भरण्याआधी हातात कागद हवा : विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, तुमचं नाव, सामानाची रक्कम, कुठून कुठे. पॅकर्सच्या स्वतःच्या मोठ्या पॉलिसीखालचं सर्टिफिकेट असलं तरी चालेल, पण त्यावर हे सगळं पाहिजे. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, ‘ओनर्स रिस्क’चा (जोखीम मालकाची) शिक्का मारलेला असेल तर तिथेच थांबून विचारा. आणि हप्ता वाचवायला किंमत निम्मी लिहू नका. भरपाईही बहुधा त्याच प्रमाणात कापली जाते.

विमा असला तरी वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस द्यावीच लागते. कोर्टात जायचं झालं तर ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत गेलेली असली पाहिजे. हे दिवस सामान पोचल्यापासून मोजायचे नाहीत. नोटीस गेली नाही तर विमा कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि ती तुमच्याच दाव्यावर बोट ठेवते.

हमाल घाम पुसत उभे असतात, बाहेर पाऊस, आणि सुपरवायझर ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या ओळीखाली सही मागतो. मी आता सहीच्या वर लिहितो : ‘31 खोकी मिळाली, उघडलेली नाहीत.’ तोंड वाकडं करतो तो, पण कागद घेऊन जातो.