द्विध्रुवी विकार : परिचर्या

द्विध्रुवी विकार, म्हणजे रोजच्या बोलण्यातला बायपोलर, असलेल्या व्यक्तीची रुग्णालयात आणि घरी घेतली जाणारी शुश्रूषा. या विकारात उन्माद (मॅनिया, म्हणजे अवाजवी उत्साह आणि उत्तेजना) आणि नैराश्य यांचे झटके येतात. मधल्या काळात बरेच जण नेहमीसारखा कामधंदा करतात. डॉक्टर राउंडला काही मिनिटे भेटतात, सिस्टर किंवा ब्रदर पाळीभर जवळ असतात. बदल आधी त्यांनाच दिसतो, आणि तो बहुधा झोपेत दिसतो.

उन्मादात दोन-तीन तासांची झोप पुरते आणि थकवाही जाणवत नाही. म्हणून रात्रपाळीच्या वहीत ‘झोप ठीक’ एवढे लिहून भागत नाही. डोळा कधी लागला, किती वेळा उठला, हे लिहावे लागते. खाट टीव्हीपासून आणि वर्दळीपासून दूर असावी. रुग्ण ताटावर बसत नाही, तेव्हा चालता-चालता खाता येईल असे द्यावे : पोळीची गुंडाळी, लाडू, केळे, उकडलेले अंडे. पाणी आठवणीने हातात द्यावे. बोलणे थोडके, एका वेळी एकच सूचना. त्याच्या मोठमोठ्या बेतांवर वाद घालू नये, त्यांना दुजोराही देऊ नये. तिन्ही पाळ्यांचे नियम मात्र एकच हवेत. सकाळच्या सिस्टरने नाकारलेले रात्रीच्या सिस्टरने दिले, की पुढची रात्र भांडणात जाते. अंगावरचे कपडे, वाटून टाकलेले पैसे, भलत्या वेळी केलेले फोन याही गोष्टी जपायच्या असतात. झटका ओसरल्यावर यातले बरेच काही त्याला आठवते, आणि शरम त्यालाच सोसावी लागते.

बांधून ठेवणे ही परिचर्या नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार एकांत कोठडीला बंदी आहे. तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने रुग्णाला बांधता येते. कर्मचारी कमी आहेत हे कारण कायदा मान्य करत नाही.

लिथियम हे या विकारावरचे जुने, भरवशाचे औषध. ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. मात्र गुणकारी आणि विषारी पातळीत अंतर फार थोडे असते. रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचे, म्हणून तोवर सकाळची गोळी थांबवायची. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. जुलाब, विदर्भातला मे महिना, निर्जळी उपवास, रक्तदाबासाठी एकदम सुरू केलेले अळणी जेवण, यांतले काहीही पातळी चढवू शकते. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेनची गोळीसुद्धा. हाताची बारीक थरथर नेहमीची. ती ठळक झाली, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवावे. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी होते.

नैराश्यात आंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणे यांना हात द्यावा लागतो. सर्वांत जागे राहायचे ते रुग्ण सावरू लागतो तेव्हा : अंगात बळ येते, निराशा मात्र तशीच असते. उन्माद आणि नैराश्य एकत्र आले तर धोका आणखी वाढतो. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. गोळी गिळली का हे पाहावे, आणि घरी लिथियमचा मोठा साठा देऊ नये. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना रात्रीही उपयोगी पडतो.

बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे विशेष जोखमीचे असतात. व्हॅल्प्रोएट हे या विकारावरचे दुसरे औषध घेणाऱ्या तरुणीला त्यापासून गर्भाला असलेल्या धोक्याची माहिती आधीच द्यावी.

बरे असतानाचा काळ बोलण्यासाठी सर्वांत मोलाचा असतो. प्रत्येकाची सुरुवात वेगळी : कुणी मध्यरात्री कपाट आवरायला घेते, कुणाची खरेदी वाढते. या खुणा रुग्णासोबत बसून त्याच्याच शब्दांत लिहाव्यात, आणि खूण दिसल्यावर कुणाला फोन करायचा हेही. पुढे आजारपणात कसे उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्तीला आधी लिहून ठेवण्याचा, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क २०१७ च्या याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे.