बागेतील झाडांचे रोग व विकृती ओळखणे (खानदेश)

अंगण, परसबाग आणि उद्यानातील झाडांची लक्षणे पाहून त्यांच्या दुखण्याचे कारण ठरवणे. बुरशी, जिवाणू किंवा विषाणू यांच्यामुळे जडतो तो रोग. ऊन, पाणी, जमीन किंवा अन्नद्रव्ये यांच्यामुळे होणारा बिघाड म्हणजे विकृती. रोग पसरतो, विकृती पसरत नाही आणि बुरशीनाशकाने ती बरीही होत नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ही फारकत आधी करावी लागते, कारण इथे ‘रोग पडला’ म्हणून दाखवलेली पुष्कळ झाडे मुळात रोगी नसतात. कापसावरचा लाल्या हे घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण. मॅग्नेशियम व नत्राची कमतरता, पाण्याचा ताण आणि थंड रात्री यांनी पाने लाल होतात, तरी बोलण्यात तो रोगच.

पहिला प्रश्न असा: पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या? खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसले तर लोहाची कमतरता समजावी. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत गुलाब, मोगरा व लिंबूवर्गीय झाडांवर ही खूण वारंवार दिसते. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून अशा जागी फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) मातीत टाकण्यापेक्षा पानांवर फवारलेले अधिक लागू पडते.

मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा पानांच्या कडा व टोके करपतात. दुपारी माना टाकलेले झाड संध्याकाळी सावरले तर तो उन्हाचा ताण. माती ओली असूनही झाड सुकत असेल तर मूळकूज आहे का ते पाहावे. पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत ती नेहमीची. इथे आणखी पाणी घालणे म्हणजे झाड मारणेच.

बोटाने पुसून पाहणे ही साधी, पण फार उपयोगी परीक्षा. हिवाळ्यात गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पिठासारखी दिसते ती भुरी. पुसल्यावर निघून जाणारा काळा थर म्हणजे काजळी. ती मावा किंवा पिठ्या ढेकूण यांच्या चिकट स्रावावर वाढते, म्हणून उपाय किडीवर करायचा. जास्वंदीवर मुंग्यांची ये-जा दिसली की पानांच्या बेचक्यांत पिठ्या शोधावा. न पुसला जाणारा, कडा झालरीसारख्या असलेला गुलाबाच्या पानावरचा काळा ठिपका मात्र बुरशीचा. चाफ्याच्या पानामागे नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा.

लिंबाच्या पानांवर, फांद्यांवर व फळांवर पिवळ्या वलयाचे खरबरीत, उंचवट्याचे डाग हा खैऱ्या. तो जिवाणूजन्य असून पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो आणि पाने पोखरणाऱ्या नागअळीने केलेल्या जखमांतून सहज आत शिरतो. बुंध्यातून डिंक गळत असेल तर तो डिंक्या. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट खोडाला लावतात.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात परसातल्या केळीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. खालच्या पानांवर शिरांना समांतर बारीक पिवळ्या रेषा येऊन पुढे तपकिरी डाग झाले तर तो करपा. पानांवर पिवळे पट्टे येऊन पुढे पोंगा (मधले गुंडाळलेले कोवळे पान) सडला तर तो विषाणूजन्य हरण्या. हरण्या झालेले झाड बरे होत नाही. ते कंदासकट उपटून नष्ट करावे आणि त्याचे मुनवे (बुंध्यालगत फुटणारी पिले) कोणालाही देऊ नयेत. हा विषाणू काकडी व मिरचीवरही राहतो आणि तिथून मावा तो केळीवर आणतो, म्हणून केळीच्या आळ्यालगत काकडीचे वेल चढवू नयेत.